हात थरथरतात, मॅडम

गेल्या अंकात तुटलेलं बोट परत जोडायच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकणाऱ्या, डॉक्टरांचे, त्यांच्या शिक्षकांचे नाहीतर घरच्यांचे होते, म्हणून यावेळचं सदर मायक्रोसर्जरी शिकण्या-शिकवण्यालाच दिलंय. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगते, मायक्रोस्कोपमधून बघत एक-दोन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या आणि नसा केसाहून बारीक धाग्यानं जोडणं म्हणजे मायक्रोसर्जरी. नावं सगळ्यांचीच गाळली आहेत.

प्रश्न : मी प्लास्टिक सर्जरीत एमसीएचच्या, म्हणजे एमएसनंतरच्या कोर्सच्या, पहिल्या वर्षाला आहे. जनरल सर्जरीत माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणायचे. पण मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा सुई धरली आणि हात इतके थरथरले की सरांनी दोन मिनिटांत मला बाजूला केलं. तेव्हापासून वाटतंय की हे आपल्या हाताचं काम नाही, ज्याला जन्मतः मिळालंय त्यानंच करावं. ब्रँच चुकली का माझी?

तुला तू म्हणते, माझ्या रेसिडेंट्सच्याच वयाचा आहेस. ब्रँच अजिबात चुकलेली नाही. हात सगळ्यांचे थरथरतात, माझे आजही थरथरतात. मायक्रोस्कोप रक्तवाहिनी दहा पट मोठी दाखवतो तशी थरथरही दहा पट मोठी दाखवतो, आणि तू ती आयुष्यात पहिल्यांदा बघितलीस एवढंच झालंय.

आता मला सांग, त्या दिवशी तू बसला कसा होतास? मी पैजेवर सांगते की स्टूल कुणीतरी सोडून गेलेलं होतं त्याच उंचीवर होतं, कोपर हवेत होते आणि आयपीस, म्हणजे डोळे लावायच्या नळ्या, सरांच्या डोळ्यांना लावलेले होते. हे तुझं चुकलं नाही, हे आधी शिकवायचं असतं आणि बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, स्टूल असं की मान न वाकवता डोळे आयपीसला येतात, कोपरापासून करंगळीच्या कडेपर्यंतचा हात टेबलावर टेकलेला, मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल. हलायची ती फक्त अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आयपीसमधलं अंतर तुझ्या डोळ्यांप्रमाणे जुळव, दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेपर्यंत. मग एकेका डोळ्याचा नंबर लाव. सगळ्यात मोठं झूम करून फोकस कर आणि मग झूम कमी कर, म्हणजे मध्येच झूम बदललं तरी चित्र धूसर होत नाही. याला पाच मिनिटं लागतात आणि अर्धी थरथर या पाच मिनिटांतच जाते, हे मी दरवर्षी नव्या बॅचमध्ये बघते. चहाचं विचारतात पोरं, तर रोज दोन कप घेत असशील तर त्या दिवशी सोडू नकोस आणि पाचही पिऊ नकोस.

उरलेली अर्धी थरथर सरावानं जाते. आणि तो सराव ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, करायचा नसतो, हे मी इतकं ठासून का सांगते त्याला कारण आहे. मी रेसिडेंट असताना एका रात्री प्रेसमध्ये बोट गेलेला एक कामगार आला होता, सरांनी एक धमनी (रक्त आणणारी) आणि एक शीर (रक्त परत नेणारी) जोडली आणि दुसरी शीर मला दिली. मी चिमट्यानं शिरेची अख्खी भिंत धरली, जरा ओढली आणि ती चिरली. सर एक शब्द बोलले नाहीत, फाटलेला भाग कापून त्यांनी पुन्हा जोडणी केली, पण शीर आखूड पडली, मग मनगटाजवळून शिरेचा तुकडा काढून मध्ये घालावा लागला आणि ऑपरेशन दीड तास लांबलं. बोट वाचलं. पण शिरेची भिंत कधी पूर्ण धरायची नाही, फक्त तिच्यावरचा सैल पापुद्रा धरायचा, हा पहिल्या दिवशीचा धडा मी एका माणसाच्या बोटावर शिकले, कारण त्याआधी शिकायला दुसरं काही दिलंच गेलं नव्हतं. हे मला अजून टोचतं.

जन्मतः मिळण्याचं म्हणशील तर अमेरिकेतले हॅरी बंकी, ज्यांना मायक्रोसर्जरीचे जनक म्हणतात, ते कॅलिफोर्नियात स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये सराव करायचे. योग्य सुया मिळत नव्हत्या तर त्यांनी धाग्याच्या टोकालाच धातूचा मुलामा देऊन सुई बनवली, आणि सशाचा कापलेला कान परत जोडून दाखवला, १९६४ साली. त्याच्या चार वर्षं आधी, १९६० मध्ये, अमेरिकेतल्याच जेकबसन आणि सुआरेझ या सर्जननी मायक्रोस्कोप वापरून बारीक रक्तवाहिन्या जोडता येतात हे दाखवलं होतं. जपानमध्ये नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला तो १९६५ साली. म्हणजे ही सगळी विद्या माझ्या आईच्या पिढीतली आहे आणि ज्यांनी ती उभी केली ते सगळे टेबलावर तासन् तास बसून शिकले.

प्रश्न : मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवतो, मोठ्या शहरापासून लांब. आमच्याकडे मायक्रोसर्जरी लॅब नाही, लगेच होईल अशी आशाही नाही. ओटीतला एकच मायक्रोस्कोप, तो दिवसभर बिझी. अशा ठिकाणी रेसिडेंट्सना काय आणि कसं शिकवायचं?

सर, तुमचा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण लॅब नाही म्हणून शिकवत नाही असं म्हणणारे मला जास्त भेटतात. लॅब म्हणजे एक टेबल, काहीतरी मोठं करून दाखवणारं यंत्र आणि शेजारी बसणारा माणूस. तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मिळ आहे आणि ती तुमच्याकडे आहे.

यंत्रासाठी आधी ईएनटी आणि नेत्र विभागात विचारा, जुना मायक्रोस्कोप कोपऱ्यात कापड घालून ठेवलेला असतो आणि बऱ्याचदा नुसता बल्ब गेलेला असतो. नाहीतर पॅथॉलॉजीचा किंवा झूऑलॉजीवाल्यांचा स्टिरिओ मायक्रोस्कोप. तोही नसेल तर लूप्स, म्हणजे चष्म्यावर बसवलेली भिंगं, आणि अगदी सुरुवातीला कॉम्प्युटरला जोडायचा डिजिटल मायक्रोस्कोपही चालतो, त्यात खोलीचा अंदाज येत नाही पण सुई धरणं आणि गाठ मारणं त्यावर शिकता येतं. चिमटे घड्याळ आणि मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात तसले टोकदार घ्या, आपले ज्वेलर्स फोर्सेप्स मुळात त्याच घराण्यातले. ओटीतली चांगली इन्स्ट्रुमेंट्स सरावाला देऊ नका, टोकं वाकतात आणि मग ऐन रेप्लांटला, म्हणजे तुटलेला भाग परत जोडताना, सिस्टर आणि तुम्ही दोघंही वैतागता. धागे मुदत संपलेले वापरा, पण पाकिटावर लाल शाईनं ‘फक्त सरावासाठी’ लिहून वेगळ्या कपाटात ठेवा, ओटीच्या ट्रॉलीजवळसुद्धा ते फिरकता कामा नयेत.

पहिले दोन आठवडे फक्त हातमोजा. लॅटेक्सचा तुकडा छोट्या वाटीच्या तोंडावर ताणून बांधा, मध्ये सरळ चीर द्या आणि आठ-झिरो किंवा नऊ-झिरो धाग्यानं (आकडा जितका मोठा तितका धागा बारीक) शिवायला लावा. धागा डाव्या चिमट्यात धरून सुई लोंबकळू द्यायची, तिचं टोक खाली जेमतेम टेकलं की ती आपोआप वळते, मग नीडल होल्डरनं मधोमधच्या जरा मागे धरायची. हे एकदा जमलं की पोरांचं सुईशी भांडण संपतं. सुई काटकोनात आत जायला हवी, कडेपासूनचं अंतर भिंतीच्या जाडीच्या साधारण दुप्पट, दोन्ही बाजूंना सारखं. आणि गाठ मारताना नजर आयपीसमधून काढायची नाही, धाग्याचं आखूड टोक नजरेच्या वर्तुळातच राहील इतकंच ओढायचं. सरळ चीर जमली की वाटी फिरवून तिरक्या चिरा द्या, कारण पेशंटची रक्तवाहिनी काही आपल्या सोयीनं आडवी येत नाही.

मग कोंबडी. चिकनवाल्याला सांगायचं की अख्खी तंगडी हवी, तुकडे न केलेली, मांडीसकट. मांडीच्या स्नायूंमध्ये धमनी, शीर आणि नस एकत्र सापडतात, धमनी साधारण दोन मिलिमीटरच्या आसपास, आपल्या मनगटातल्या धमनीसारखीच. पंखातली त्याहून बारीक, ती पुढच्या महिन्यात. रक्तवाहिनी शोधून मोकळी करणं हाही सरावच आहे, ते आधीच करून पोरांच्या पुढ्यात ठेवू नका. खाली निळ्या किंवा हिरव्या फुग्याचा तुकडा सरकवा, बारीक धागा त्यावर छान दिसतो. सलाइनची बाटली वर टांगून लाल रंगाचं पाणी धमनीतून सोडलं की जोड गळतो का ते तिथल्या तिथे कळतं. कच्चं मांस आहे तेव्हा हातमोजे घालायचे, खाण्याच्या फ्रिजमध्ये ठेवायचं नाही आणि सुया मोजून शार्प्सच्या डब्यात.

आता सर, सगळ्यात महत्त्वाचं. जोडणी झाल्यावर पोरं फोटो काढतात आणि उठतात, तिथे त्यांना उठू देऊ नका. बारीक कात्री घ्या, जोडलेली रक्तवाहिनी उभी कापा, पुस्तकासारखी उघडा आणि आतून बघा. आमच्याकडे एक मुलगी होती, तिच्या जोडणीत आठ टाके बाहेरून इतके सुरेख की मीच शाबासकी देऊन बसले होते. उघडून बघितलं तर तिसऱ्या टाक्यानं समोरची भिंतही बरोबर घेतली होती, म्हणजे पोकळी मधोमध शिवून टाकलेली, आणि शेजारच्या टाक्यात बाहेरचा पापुद्रा आत ओढला गेला होता, तिथे पेशंटमध्ये गुठळी झालीच असती. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग तिनं स्वतःच दुसरी तंगडी घेतली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक गाठ आवळण्याआधी कडा किंचित उचलून आत डोकावायची सवय तिला लागली, ती आजतागायत आहे. मी दहा वेळा तोंडानं सांगून जे झालं नसतं ते एका कात्रीच्या कापानं झालं.

वेळेचं म्हणाल तर रविवारी आठ तासांचं वर्कशॉप ठेवून मोकळं होण्यापेक्षा रोज अर्धा तास किंवा आठवड्यातून एक नक्की संध्याकाळ ठेवा. टोरांटोच्या लोकांनी ३८ ज्युनिअर रेसिडेंट्सवर हेच तपासलं होतं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निम्म्यांना मायक्रो जोडणीची चारही सेशन्स एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक. महिन्याभरानं परीक्षा घेतली तेव्हा आठवड्याला एक वाले पुढे होते. आपल्याकडे ड्यूटीचं जे आहे ते आहे, ३६ तास जागा असलेला पोरगा मायक्रोस्कोपला बसवून काही उपयोग नाही, तेव्हा पोस्ट-ड्यूटीचा दिवस सोडून वेळ ठरवा आणि त्या अर्ध्या तासात त्याचा फोन दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. आणि तुम्ही स्वतः शेजारी बसा. रोज नाही जमणार, पण आठवड्यातून एकदा तरी.

प्रश्न : माझी मुलगी सर्जरीची रेसिडेंट आहे. सुट्टीला घरी आली की तिला रक्तवाहिन्या शिवायचा सराव करायचा असतो, पण आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे, सासूबाई तर अंडंही आत येऊ देत नाहीत. मांसाशिवाय सराव होतो का? सासूबाई भरतकाम फार सुंदर करतात, त्या म्हणतात माझ्याकडून शीक. त्यांचं म्हणणं कितपत धरावं?

ताई, तुमच्या सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के धरा, आणि त्यांना एक गोष्ट वाचून दाखवा. १८९४ साली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांवर ल्यों शहरात चाकूहल्ला झाला, पोटातली मोठी शीर कापली गेली आणि ती शिवता येईना म्हणून ते गेले. तिथे डॉक्टरकी शिकणारा एक तरुण, ॲलेक्सी कॅरेल, याच्या मनाला ते लागलं. तो ल्योंमधल्या मादाम लरूदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे जाऊन बारीक सुई-दोरा चालवायला शिकला, आणि १९०२ मध्ये त्यानं रक्तवाहिनी जोडायची पद्धत मांडली, तोंडाला तीन ठिकाणी टाके घेऊन गोलाचा त्रिकोण करायचा आणि मग एकेक बाजू शिवायची. १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. आजही आम्ही मुलांना तो त्रिकोण शिकवतो. तेव्हा मुलीला आजीच्या शेजारी जरूर बसवा, कापडाचा ताण डाव्या हातानं कसा सांभाळायचा आणि दोरा न ओढता कसा आणायचा हे आजीइतकं चांगलं तिला कुणी सांगणार नाही.

मांसाशिवाय बरंच काही होतं. हातमोजा वर सांगितलाच आहे. साध्या गॉजचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला तर त्याचे धागे दोरखंडासारखे दिसतात, एक सोडून एक धाग्याखालून सुई काढत न्यायची, यात दोन्ही हात आणि डोळे एकत्र चालायला शिकतात. सिलिकॉनच्या बारीक नळ्या मिळतात. जपानमध्ये कोन्याकू नावाच्या कंदाच्या शेवया सरावाला वापरतात, त्या मऊ, ओलसर आणि गुळगुळीत, अगदी शिरेसारख्या फाटणाऱ्या, शिवाय शाकाहारी. आणि फुलांच्या पाकळ्या आहेतच, पाकळीला जरा जास्त ताण दिला की ती लगेच चिरते, त्यामुळे हाताचा जोर किती हे तीच सांगते. फक्त डायनिंग टेबलवर सुई हरवू देऊ नका, ती उघड्या डोळ्यांना सहज दिसत नाही, पांढरा कागद अंथरून त्यावरच काम करायचं आणि उठताना सुया मोजायच्या.

पुढे हॉस्पिटलात तिला ऊतींवर हात चालवावाच लागेल, पण तिथपर्यंतचा निम्मा रस्ता घरात होऊ शकतो.

प्रश्न : उंदरांवर काम केल्याशिवाय मायक्रोसर्जरी येत नाही असं सीनियर सांगतात. मला जिवंत प्राण्यावर करायचं नाहीये. अडेल का?

सुरुवातीला अजिबात नाही. उंदराची मांडीतली धमनी साधारण एक मिलिमीटरची, तिच्यात रक्त वाहतं, ती आकसते, तिच्यात गुठळी होते, आणि हे तीन अनुभव मेलेल्या कोंबडीत मिळत नाहीत हे खरं आहे. म्हणूनच सीनियर सांगतात. पण रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच लिहून ठेवलंय की जिथे पर्याय आहे तिथे पर्याय वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांचा त्रास कमी करा. माझं स्पष्ट मत आहे की ज्याची कोंबडीतली जोडणी आतून स्वच्छ निघत नाही त्याला उंदराजवळ बसायचा अधिकार नाही. नंतरही ते काम फक्त मान्यताप्राप्त लॅबमध्ये, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनं आणि पूर्ण भूल देऊनच. त्याऐवजी सीनियरच्या शेजारी बसून खऱ्या ऑपरेशनमध्ये आधी पाणी मारणं, मग धागे कापणं, मग एखादा टाका, असं पायरीपायरीनं शिकलेले चांगले सर्जनही मी बघितलेत. तुझं मन नाही म्हणत असेल तर गाईडना मोकळेपणानं सांग.

प्रश्न : माझ्या वडिलांना तंबाखूमुळे गालाचा कॅन्सर झाला. जबडा काढून पायाचं हाड लावणार आहेत, सरकारी हॉस्पिटलात. ऑपरेशनमध्ये शिकाऊ डॉक्टर असतील असं कळलं. वडिलांवर कुणी शिकणार का, ही भीती वाटते. विचारलं तर डॉक्टर रागावतील का?

रागावण्यासारखं यात काही नाही, विचाराच. पायातलं हाड रक्तवाहिनीसकट काढून जबड्याला लावायची ही पद्धत १९८९ मध्ये हिडाल्गो या सर्जननं मांडली आणि आज आपल्याकडे ती नेहमीची आहे, तंबाखूनं आपल्याला त्यात नको इतका अनुभव दिलाय. हे एकट्यानं करायचं ऑपरेशनच नाही, दोन टीम आठ-दहा तास उभ्या असतात आणि त्यात रेसिडेंट असणारच. तुम्ही असं विचारा, ‘रक्तवाहिनी जोडताना मायक्रोस्कोपवर कोण असेल, आणि रेसिडेंट करणार असेल तर सीनियर समोरच्या आयपीसवर असतील ना?’ सर्जरीच्या मायक्रोस्कोपला समोरासमोर दोन आयपीस असतात ते याचसाठी, रेसिडेंटच्या हातातला प्रत्येक टाका समोरच्याला तेवढाच मोठा दिसतो.

आणि एक मनापासून सांगते. ऑपरेशननंतरची पहिली रात्र रेसिडेंटचीच असते. दर तासाला तो येऊन लावलेल्या भागाचा रंग बघतो, बोटानं दाबून किती सेकंदात रंग परत येतो ते मोजतो, शंका आली तर सुईनं टोचून लाल रक्त येतं की काळपट ते बघतो. पांढरं पडलं तर अडथळा धमनीत, निळसर झालं तर शिरेत. पहाटे तीनला ज्यानं हे वेळेवर ओळखून सीनियरला उठवलं त्यानं तो जबडा वाचवलेला असतो. वडिलांच्या खाटेपाशी तो आला की त्याचं नाव विचारून ठेवा, रात्री काही वेगळं दिसलं तर तुम्हीच त्याला हाक मारा. आणि वडिलांची तंबाखू आजच बंद करा, निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

प्रश्न : आमच्या गावात कडबाकुट्टीत बोटं जाण्याचे प्रकार होतात. शहर दोन-तीन तासांवर. तुटलेलं बोट बर्फात घालून आणावं की पाण्यात?

दोन्हीत नाही. तुटलेला भाग स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, घासू नका, स्वच्छ ओल्या आणि पिळलेल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ बोटाला थेट लागला तर रक्तवाहिन्या गोठून खराब होतात आणि नुसत्या पाण्यात ठेवलं तर बोट फुगतं, मग कितीही चांगला हात असला तरी टाका धरत नाही. हळद, डेटॉल, कॉफी काही लावायचं नाही. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर उचलून ठेवा, दोरी आवळू नका. पेशंटला खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यायची असते. असं थंड ठेवलेलं बोट साधारण २४ तासांपर्यंत जोडता येतं, तसंच ठेवलं तर १२. पण मनगटाच्या वर तुटलं असेल तर त्यात स्नायू असतात, तिथे हातात सहाच तास आहेत. निघताना हॉस्पिटलला फोन करून बोट कोणतं, कधी तुटलं आणि तुम्ही कुठपर्यंत आलात ते सांगा, तुम्ही पोचेपर्यंत कुणीतरी मायक्रोस्कोपवरचं कव्हर काढून स्टूलची उंची लावत असेल.